जुनी हार्ड डिस्क भंगारात देण्याआधी

संगणक सुरू होत नाही म्हणजे आतलं सगळं गेलं, या समजापायी मराठीचा मोठा ऐवज भंगारात जातो आहे. नव्वदच्या दशकात छपाई डीटीपीवर आली. तेव्हापासूनचे दिवाळी अंक, स्मरणिका, पुस्तकांच्या संहिता छोट्या छापखान्यांच्या आणि संस्थांच्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. बिघाड पुष्कळदा विंडोजमध्ये किंवा मदरबोर्डमध्ये असतो, डिस्क शाबूत असते. त्याच किंवा दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हवरून लिनक्स ही कार्यप्रणाली चालवली, तर काहीही इन्स्टॉल न करता ती डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडता येते. म्हणून माझा आग्रह आहे, की आधी लिनक्सवर तिची संपूर्ण प्रत काढावी, बाकीचं नंतर.

हा क्रम महत्त्वाचा आहे. विंडोज सुरू होतानाच डिस्कवर लिहू लागतं, आणि तिची ‘दुरुस्ती’ जुन्या नोंदी बदलून टाकते. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि मग तिथे परत येतं. कुठवर वाचलं याची नोंद ठेवतं, त्यामुळे काम मध्येच थांबलं तरी चालतं. मग त्या प्रतीवर टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधतं आणि फोटोरेक फायलींच्या ठरावीक खुणांवरून त्या वेचून काढतं. नावं मात्र हरवतात. मराठीत आणखी एक अडचण येते. श्रीलिपी, आकृतीसारख्या फाँटमधला जुना मजकूर युनिकोडमध्ये नाही. मराठी शब्द टाकून शोधलं तर तो सापडत नाही, आणि फाँट नसेल तर वाचताही येत नाही. म्हणून चार फोल्डर नव्हे, फाँटसकट अख्खी डिस्क जपायला हवी.

कमांड सामान्य माणसाला जमणार नाहीत, हा आक्षेप खरा आहे. मूळ डिस्क आणि प्रतीची डिस्क यांची अदलाबदल झाली, तर सगळंच पुसलं जातं. म्हणून हे काम जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावं. महाविद्यालयांच्या संगणक विभागांनी गावातल्या ग्रंथालयांसाठी ते अंगावर घ्यावं. डिस्क टकटक वाजत असेल, तर लगेच बंद करून तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत न्यावी, तिथे लिनक्सचा हट्ट नको. एसएसडी प्रकारच्या नव्या डिस्कवरून पुसलेल्या फायली तर बहुधा कायमच्याच जातात. पण छापखान्यांतल्या जुन्या डिस्क चुंबकीय आहेत. आणि खर्चाचं म्हणाल, तर ही सगळी सॉफ्टवेअर मोफत आहेत, १ टीबीच्या एका डिस्कवर ४० जीबीच्या वीसेक प्रती आरामात मावतात.