परक्याची नोंद करा, पण त्याला चोर ठरवू नका!



परका माणूस देशात आला तर सरकारने त्याचं नावगाव लिहून घ्यावं का? माझं मत, जरूर घ्यावं. आपल्या खात्यातही मस्टर असतंच. पण मस्टर हजेरीसाठी असतं, माणूस पकडण्यासाठी नव्हे. सरकार हा फरक विसरलं की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं.

११ सप्टेंबर २००१ ला तिथे हल्ला झाला. जवळजवळ ३,००० माणसं मेली. बंदोबस्त हवाच होता, कोण नाही म्हणेल? पण २००२-०३ मध्ये सरकारने २५ देशांची यादी काढली. एक उत्तर कोरिया सोडला तर सगळे मोठ्या मुसलमान वस्तीचे देश. तिथून तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या १६ वर्षांवरच्या पुरुषांना हुकूम सुटला : कचेरीत या, बोटांचे ठसे द्या, फोटो द्या, जबानी द्या. ८३ हजारांवर माणसं आपल्या पायांनी गेली. त्यांतल्या १३ हजारांवर लोकांच्या मागे हद्दपारीचं प्रकरण लागलं. आणि दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा? या नोंदणीतून एकालाही झाल्याचं दाखवता आलं नाही. २०११ साली ती यादी बंद झाली, २०१६ साली नियमही काढून टाकले.

सरळ हिशेब आहे. बाँब ठेवणारा कचेरीच्या रांगेत येऊन उभा राहत नाही. रांगेत येतो तो कायदा मानणारा. त्यालाच धरलं तर उद्या त्याचा भाऊ येणार नाही, शेजारी तोंड उघडणार नाही. मग पोलिसांना खबर देणार कोण? माणसाचा हक्क गेला तो गेलाच, देशाचं रक्षणही झालं नाही. साच्यावर एक तार तुटली तर आपण तीच तार शोधून सांधतो, सगळा ताणा कापत नाही.

कुणी म्हणेल, परक्याचं आपल्याला काय? तर ऐका. हॅरी ब्रिजेस हा अमेरिकेतल्या गोदी कामगारांचा पुढारी, जन्माने ऑस्ट्रेलियाचा. १९३४ च्या मोठ्या संपापासून मालकांच्या डोळ्यांत सलत होता. १९४० साली, लढाईच्या धास्तीत, परक्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्याच कायद्यातलं दुसरं कलम लावून त्याला हद्दपार करायचा घाट घातला गेला. १९४५ साली सुप्रीम कोर्टाने तो हुकूम रद्द केला. सुनावणी न्यायाची झाली नव्हती, हे त्यातलं एक कारण. म्हणजे कायदा केला शत्रूच्या नावाने, आणि पकडला युनियनवाला!

एप्रिल २०२५ मध्ये तिथे नोंदणीची सक्ती पुन्हा आली. ज्याच्याकडे कागद नाही त्याने नाव दिलं तर हद्दपारीची भीती, न दिलं तर गुन्हा. इकडे आड, तिकडे विहीर!

म्हणून कुठल्याही देशातल्या सरकारला कामगारांनी ठणकावून सांगावं :

१. नोंद करायची तर सगळ्या परक्यांची सारखी करा. धर्म पाहून यादी नको.
२. आपण होऊन आलेल्याला त्याच दारात बेड्या घालू नका.
३. संशय असेल तर पुरावा दाखवा, वकील द्या, उघड सुनावणी करा.

चार्जशीट न देता, चौकशी न करता कामावरून काढलेलं आपण सोसत नाही. मग चौकशीशिवाय देशातून काढलेलं का सोसावं?