कारंजा कोणतं? आधी ते तर ठरवा!

परवा शिक्षकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नकाशा आला. शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या! चॅटबॉटने दोन मिनिटांत करून दिलेला, रंगीत, बोट ठेवलं की माहिती उघडते. खाली अंगठ्यांची रांग. झूम करून पाहिलं तर १६७० च्या स्वारीतल्या कारंज्याचा ठिपका वर्धा जिल्ह्यात, कारंजा घाडगेवर!

अहो, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर मराठ्यांची स्वारी आली ती आपल्या कारंजा लाडवर. वऱ्हाडातली तेव्हाची श्रीमंत पेठ. उरणजवळही एक कारंजा आहेच. यंत्राने नाव जुळवलं आणि ठिपका टाकून मोकळं झालं. उद्या आपल्या मालेगावचा ठिपका नाशकात गेला, तर कोणाच्या लक्षात येणार?

मग मी त्यालाच १९०० सालचं वऱ्हाड काढायला सांगितलं. त्याने वाशिम बिनधास्त अकोला जिल्ह्यात टाकलं! तेव्हा वाशिम स्वतः जिल्हा होता, पुसदसकट. १९०५ मध्ये तो मोडला. वाशिम-मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. १९९८ ला जिल्हा पुन्हा झाला. आमच्या लेकरांनी मात्र 'अकोल्यातून फुटलेला नवा जिल्हा' एवढंच शिकायचं का?

काही मित्र म्हणतील, सर, शिक्षकाला वेळ कुठे आहे? पाठ्यपुस्तकात तरी आपल्या भागाचे नकाशे कुठे आहेत? मान्य. मीही चॅटबॉट वापरतो. नकाशाचा कोड लिहून घ्यायला तो उत्तम आहे. पण ठिपके आपण द्यायचे. साधा तक्ता करा: गाव, तालुका, साल, अक्षांश, रेखांश आणि शेवटचा रकाना 'आधार'. गॅझेटियर, ताम्रपट, बखर, जे असेल ते. रकाना रिकामा, तर ठिपका बाद.

वाकाटकांची स्वतंत्र वत्सगुल्म शाखा १९३९ पर्यंत इतिहासाला माहीत नव्हती. वाशिमला विंध्यशक्ती दुसऱ्याचा ताम्रपट सापडला, वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा कुठे ही राजधानी नकाशावर आली. एका ठिपक्यासाठी एवढा पुरावा लागला. आणि आपण 'कशावरून?' एवढंही न विचारता फॉरवर्ड करतो!

ज्यांनी तो नकाशा पुढे पाठवला त्यांनी दुरुस्त करून पुन्हा पाठवावा. सुरुवात कारंजापासूनच करा.