विश्लेषण : ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला, सुरूच होईना, दोष शोधायचा कसा आणि नव्या इंजिनात तो गावात का सापडत नाही?

यवतमाळ जिल्ह्यात पेरणीचा दिवस वाफशावर ठरतो. पाऊस पडला की काळ्या जमिनीत लगेच ट्रॅक्टर घालता येत नाही, चाकं रुततात. दोन-एक दिवसांनी वाफसा येतो आणि पुढचा पाऊस येईपर्यंत सोयाबीन-तुरीची पेरणी उरकावी लागते. हे दिवस कधी चार मिळतात, कधी दोनच. जिल्ह्यातली बहुतांश शेती कोरडवाहू असल्यामुळे ही संधी हुकली की पुढचं सगळं गणित बिघडतं.

अशा वेळी शेताच्या मधोमध ट्रॅक्टर बंद पडला आणि सेल्फ मारूनही सुरू होईना, तर फक्त मालकाचं काम थांबत नाही. किरायाने पेरणी करून घेणारे पाच-सात शेतकरीही रांगेत असतात. त्यांच्यापैकी अनेकांकडे आता बैलजोडी उरलेली नाही.

गावातला जाणता मिस्त्री हा दोष अनेकदा बांधावरच शोधतो. पण मोठ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात गेल्या काही वर्षांत झालेल्या बदलामुळे हे कौशल्य अपुरं पडू लागलं आहे.

इंजिन बंद कसं पडलं?

हा मिस्त्रीचा पहिला प्रश्न असतो, आणि तो अगदी बरोबर आहे.

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. सिलेंडरमध्ये हवा दाबून इतकी तापवली जाते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे इंजिन चालू राहायला हवा, दाब आणि वेळेवर डिझेल एवढंच लागतं. चालतं इंजिन मध्येच बंद पडलं तर दाब अचानक गेलेला असण्याची शक्यता कमी. संशय आधी डिझेलवर जातो.

आवाज वर-खाली होत, ताकद कमी होत होत इंजिन बंद पडलं असेल तर डिझेल पुरेसं पोहोचत नाही. फिल्टर तुंबलेला असतो, टाकीच्या तळाशी गाळ-पाणी साचलेलं असतं किंवा पाइपच्या सैल जोडातून हवा आत जाते. यालाच ‘ट्रॅक्टरनं एअर धरली’ म्हणतात. गावापासून पंप लांब असला की डिझेल प्लास्टिकच्या कॅनमध्ये आणून साठवलं जातं. कॅनमधला कचरा आणि रात्रभर अर्धी रिकामी राहिलेली टाकी, जिच्यात हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं, ही फिल्टर तुंबण्याची नेहमीची कारणं.

चावी फिरवल्यासारखं इंजिन एका झटक्यात बंद पडलं तर मात्र वायरिंगकडे बघावं. चावीने बंद होणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरच्या डिझेल पंपावर सोलेनॉइड असतो. त्याला करंट मिळतो तोवरच डिझेल पुढे जातं. फ्यूज उडाला, वायर घासून तुटली की डिझेल बंद. चावी ऑन केल्यावर पंपापाशी ‘टक्’ असा आवाज येत नसेल तर दोष इथेच असण्याची शक्यता मोठी. जुन्या ट्रॅक्टरला बंद करण्यासाठी ओढायची दांडी असते. तिची केबल अर्धवट अडकली तरी इंजिन सुरू होत नाही आणि दोन मिनिटांच्या या कामासाठी लोक पंप खोलून बसतात.

आणखी एक फसवा प्रकार आहे. इंजिन बंद पडतं, वीस मिनिटांनी सुरू होतं, अर्धा तास चालून पुन्हा बंद. मग पंप बदलण्याची चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात अनेकदा टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र धुळीने बुजलेलं असतं. डिझेल संपेल तशी त्या जागी हवा आली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल पुढे सरकत नाही. झाकण सैल करून ट्रॅक्टर चालवून बघणं ही तपासणी फुकट आहे, म्हणून ती आधी करायची.

सेल्फ मारल्यावर धूर बघा

सेल्फ फिरतच नसेल, नुसतं ‘टिक टिक’ होत असेल, तर बॅटरी आणि तिचे टर्मिनल तपासावेत. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. तो स्विच खराब झाला तरी लक्षण हेच.

सेल्फ जोरात फिरतो पण सायलेन्सरमधून अजिबात धूर नाही, तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोहोचलेलंच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. डिझेलमध्ये पाणी असू शकतं किंवा कॉम्प्रेशन कमी झालेलं असू शकतं. काळा धूर असेल तर एअर फिल्टर उघडावा. कोरड्या दिवसांत रोटाव्हेटर चालवला असेल तर तो धुळीने भरलेला असण्याची शक्यता जास्त.

एअर काढण्याची पद्धत ठरलेली आहे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल मारायचं. मग डिझेल पंपावरचा स्क्रू. गरज पडली तर नोझलच्या नळ्या सैल करून सेल्फ मारायचा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, नाहीतर एका दोषाचे दोन होतात.

पण इंजिन तापून बंद पडलं असेल आणि आता सेल्फने फिरतच नसेल, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये. इंजिन सीझ झालेलं असू शकतं. गरम रेडिएटरचं झाकण तर उघडूच नये.

मग नव्या इंजिनात काय बदललं?

वर सांगितलेलं जवळपास सगळं मेकॅनिकल डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरला लागू आहे. भारतात विकले जाणारे बहुतांश ट्रॅक्टर 50 एचपीच्या आतले आहेत आणि त्यांच्यात हीच व्यवस्था चालते. 50 एचपीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना मात्र 1 जानेवारी 2023 पासून प्रदूषणाचे ‘ट्रेम 4’ निकष लागू झाले. ते पाळण्यासाठी कंपन्या प्रामुख्याने सीआरडीआय, म्हणजे कॉमन रेल इंजिनांकडे वळल्या.

या इंजिनात डिझेल किती आणि कधी फवारायचं हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. नळीतला दाब पुरेसा आहे असं सेन्सरने सांगितल्याशिवाय तो डिझेल सोडत नाही. क्रँकची गती मोजणारा सेन्सर बिघडला तरी डिझेल बंद. गंमत अशी, की मूळ कारण तेच जुनं असू शकतं, तुंबलेला फिल्टर किंवा धरलेली एअर. डॅशबोर्डवर मात्र फक्त दिवा लागतो आणि त्या दिव्याचा अर्थ सांगणारं यंत्र सहसा कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरकडे असतं.

जुनी सवय इथे धोक्याचीही आहे. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. नळी सैल करून सेल्फ मारला तर डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसू शकते. अशी जखम वरून किरकोळ दिसते, पण ताबडतोब उपचार न झाल्यास हात गमवावा लागू शकतो. फिल्टर बदलणं, पाणी काढणं, फ्यूज आणि बॅटरी तपासणं, शेतकऱ्याने इथपर्यंतच जावं.

16 तालुक्यांच्या या जिल्ह्यात उमरखेड किंवा वणीपासून यवतमाळ शहर साधारण शंभर किलोमीटरवर आहे. पेरणीच्या आठवड्यात सगळ्यांचेच फोन एकदम जातात. झरी जामणीच्या एखाद्या गावात लॅपटॉप घेऊन माणूस पोहोचेपर्यंत वाफसा निघून गेलेला असू शकतो. दोष पन्नास रुपयांच्या वायरीचा असला तरी.

दुरुस्तीचा हक्क कुणाचा?

हा प्रश्न फक्त यवतमाळचा नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेती यंत्रांसाठी ‘राइट टू रिपेअर’ कायदा केला. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअर कंपनीवर खटला भरला. दुरुस्तीचं संपूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरना देऊन कंपनी शेतकऱ्यांना अडवते, असा त्यात आरोप आहे.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये या विषयावर समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांमध्ये शेती उपकरणं होती. त्याच वर्षी 24 डिसेंबरला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. पण मे 2025 मध्ये सरकारला मिळालेला दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सपुरता आहे. ट्रॅक्टर यादीत होता आणि यादीतच राहिला.

भारतात याचा एक जुना दाखलाही आहे, तो कारचा. सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रं स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. पण आयोगाने तेव्हा कारबद्दल घेतलेला मुद्दा ट्रॅक्टरला जसाच्या तसा लागू पडतो.

कंपन्यांची बाजूही आहे. ईसीयूमध्ये कुणीही ढवळाढवळ केली तर प्रदूषणाचे निकष मोडले जातील आणि सुरक्षिततेला धोका होईल, असं त्या सांगतात. हा मुद्दा सेटिंग बदलण्याबाबत खरा आहे. दोषाचा कोड नुसता वाचू देण्याबाबत नाही. कोड वाचल्याने इंजिनात काहीच बदलत नाही.

सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठा ट्रॅक्टर घेण्याचा विचार करणारे वाढू शकतात. त्यांनी शोरूममध्ये एचपी आणि हप्त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : इंजिन मेकॅनिकल पंपाचं आहे की कॉमन रेलचं, स्कॅनर असलेला सर्वात जवळचा माणूस कोणत्या गावात बसतो, आणि जूनमध्ये फोन केल्यावर तो किती तासांत येईल. शेवटचं उत्तर कागदावर लिहून मागावं.