गारव्याचा हिशेब, कामाचा नाही

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे या भागांत खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती उभ्या राहत आहेत. त्यांतून माल बाहेर पडत नाही, पाळी सुटल्याचा भोंगा वाजत नाही. विजेची भूक मात्र मोठ्या कारखान्यालाही लाजविणारी. बँकेची खाती, आरक्षणे, परीक्षांचे निकाल हे सारे अशाच डेटा सेंटरांतून चालत असल्याने त्यांना नावे ठेवून भागणार नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या काटकसरीचा हिशेब कसा मांडावयाचा, हा.

या उद्योगाने २००७ साली स्वतःपुरते एक माप ठरविले. केंद्रात येणारी एकूण वीज भागिले संगणकांपर्यंत पोहोचणारी वीज, असे हे गुणोत्तर 'पीयूई' या नावाने ओळखले जाते. आदर्श आकडा १. त्या सुमारास सरासरी आकडा २.५ च्या घरात होता. म्हणजे संगणकाला एक युनिट पुरविताना दीड युनिट वातानुकूलन, बॅटऱ्या आदींत खर्ची पडे. पुढे गार व गरम हवेचे मार्ग अलग झाले, २७ अंशांपर्यंतची हवा यंत्रांना सोसते हे मान्य झाले, आणि सरासरी दीडच्या आसपास उतरली. हे यश लहान नव्हे.

मात्र या मापात एक मोठी खोट आहे. संगणकाने खाल्लेली सारी वीज त्यात सत्कारणी लागली असेच धरले जाते. रिकामा बसलेला संगणकही विजेचा बराच हिस्सा खात असतो. ती उधळपट्टी येथे दिसत नाही. उलट, एखाद्या दक्ष व्यवस्थापकाने असे संगणक बंद केले आणि वातानुकूलनाचा खर्च त्या प्रमाणात घटला नाही, तर एकूण वीज वाचूनही गुणोत्तर बिघडते! पाण्याचेही तसेच. बाष्पीभवनाने गारवा साधला की वीज वाचते, पण पाणी जाते. आणि कोकणपट्टीच्या दमट पावसाळ्यात तो उपाय लंगडाच पडतो.

कोळसा काटकसरीने जाळता येऊ लागला की त्याचा एकूण खप वाढतो, असे जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली दाखविले होते. २०१० ते २०१८ या काळात त्याचे म्हणणे खोटे ठरल्यासारखे वाटले. जगातील डेटा सेंटरांचे काम साडेसहापट झाले, वीजवापर अवघा सहा टक्क्यांनी वाढला. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि चित्र पालटले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली या केंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिटे, म्हणजे जगाच्या वीजवापराचा दीड टक्का, वापरली. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल.

जर्मनीने २०२३ साली कायदाच केला. जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या केंद्रांना १.२ ची मर्यादा, शिवाय वाया जाणाऱ्या उष्णतेचा काही भाग पुन्हा वापरण्याचे बंधन. महाराष्ट्राच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात या उद्योगाला सवलती आहेत. सवलत म्हणजे सरकारने सोडून दिलेला महसूल, आणि तो अखेर सामान्य करदात्याच्याच खिशातून भरून निघतो. तेव्हा सवलत घेणाऱ्या प्रत्येक केंद्राने वर्षाची वीज, वर्षाचे पाणी आणि आपले संगणक प्रत्यक्षात किती टक्के कामात होते, हे तीन आकडे प्रसिद्ध करावेत. पहिले दोन मीटरवरच असतात. तिसऱ्याला ग्राहकाच्या गोपनीयतेची सबब पुढे केली जाईल. पण संपूर्ण इमारतीची सरासरी जाहीर केल्याने कोणाचेही गुपित फुटत नाही.