पेढीवरचा उमेदवार

कामाला चांगली माणसे मिळत नाहीत, ही तक्रार आज प्रत्येक व्यापारी पेठेत ऐकू येते. तिच्या पाठोपाठ दुसरीही येते : शिकवून तयार करावे, तर मुलगा शेजारच्या दुकानात निघून जातो. या दुसऱ्या भीतीचे निराकरण जर्मनीने कसे केले, हे व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्याजोगे आहे.

तेथे १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यानुसार उमेदवार आठवड्यातील तीन-चार दिवस मालकाकडे प्रत्यक्ष काम शिकतो आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो. मुदत साधारणतः दोन ते साडेतीन वर्षांची. दरमहाचे विद्यावेतन मालक देतो. कराराची नोंद व्यापारी मंडळाकडे होते आणि अंतिम परीक्षाही मंडळच घेते. कारखान्यातील कारागिराप्रमाणेच किरकोळ दुकानातील विक्रेताही असाच घडतो. मंडळाचे सभासदत्व व्यावसायिकांना बंधनकारक असून प्रमाणपत्र देशभर मान्य असते. त्यामुळे एका दुकानातून शिकलेला मुलगा गेला, तरी दुसरीकडे शिकलेला मिळू शकतो. शिकवण्याचा भार पेठ वाटून घेते.

भारताचा शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा, म्हणजे जर्मन कायद्याहून आठ वर्षांनी जुना. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे; ४ ते २९ माणसे असल्यास ते ऐच्छिक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते.

शिकवण्याची रीत पेढ्यांना नवी नाही. झाडलोटीपासून आरंभ करून तागडी, रोजमेळ आणि खतावणी असे टप्पे चढत मुलगा मुनिमाच्या हाताखाली तयार होई. उणीव एवढीच, की त्याच्या विद्येला मुनिमाच्या शब्दापलीकडे पुरावा नसे. रीतसर नोंदलेली उमेदवारी आणि तिच्या अखेरीचे प्रमाणपत्र नेमकी ती उणीव भरून काढते.

पाच-सहा माणसांच्या दुकानालाही एक उमेदवार नोंदवता येतो. मात्र प्रत्येकजण दुसऱ्याने शिकवलेल्या मुलाची वाट पाहत बसला, तर पेठेत शिकलेला मुलगा येणार कोठून?