पुढचा डोस नको, असं आई म्हणते तेव्हा

बाळाला दीड महिन्याच्या लसीचा डोस टोचून आणला की संध्याकाळी त्या घरातलं कुणीतरी आम्हा मेडिकलवाल्यांच्या काउंटरवर येतंच. बाळाचं अंग तापलंय, मांडी सुजलीय, रडणं थांबत नाही. तापाचं औषध मागता मागता आई म्हणून जाते, "पुढचा डोस नाही देणार बाई आता." हे ती डॉक्टरांसमोर बोलत नाही, सिस्टरसमोर तर नाहीच. आमच्यासमोर बोलते. म्हणून फार्मासिस्टनं त्या क्षणी नुसती बाटली पुढे सरकवू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

"असं कसं चालेल?" म्हणून दटावलं की माणूस गप्प होतो आणि भीती तशीच घरी घेऊन जातो. त्यापेक्षा विचारावं, "ताई, कशाची भीती वाटली?" मग सासूबाईंचा विरोध कळतो, लसीमुळे ऑटिझम होतो असं सांगणारा, व्हॉट्सॲपवर पाहिलेला व्हिडिओ कळतो. त्या अफवेला बळ देणारा 1998 चा 'लॅन्सेट'मधला लेख 2010 मध्ये मागे घेतला गेला, हेही तेव्हा सांगता येतं. पण वाद जिंकायच्या सुरात नव्हे.

ताप का आला, हे मात्र सांगायलाच हवं. दीड महिन्याला टोचतात त्या पेंटाव्हॅलंटमध्ये 5 आजारांवरच्या लसी एकत्र असतात. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. मांडी चोळू नका, अंगावर पाजत राहा. फिट आली, बाळ मलूल पडलं किंवा 3 तास सलग रडत राहिलं, तर आमच्याकडे न येता थेट दवाखाना गाठा.

मग औषध. इथे घाई नकोच. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये बहुधा 1 मिलिलीटरमागे 100 मिलिग्रॅम औषध असतं; साध्या सिरपमध्ये 5 मिलिलीटरला 120 किंवा 250. थोरल्याच्या सिरपचं माप धाकट्याच्या ड्रॉप्सना लावलं तर चौपट डोस जाऊ शकतो. म्हणून बाळाचं वजन विचारायचं, डॉक्टरांनी सांगितलेला डोस पाहायचा आणि ड्रॉपरवरची रेघ बोटानं दाखवायची.

बीसीजीच्या लसीचंही तसंच. काही आठवड्यांनी दंडावर फोड येतो, त्यातून थोडा पू येतो आणि लोक मलम मागायला येतात. मलम विकणं सोपं असतं. पण तिथे काही लावायचं नसतं, आपोआप भरून खपली धरते, एवढं सांगून गिऱ्हाईक मोकळ्या हातानं परत पाठवायची तयारी हवी.

आणि लसीकरणाचं कार्ड पाहायला मागावं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. मूल चालायला लागलं की हा दुसरा हमखास राहून जातो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवरानं मुलं दगावली, तेव्हा राहिलेल्या डोसांची किंमत सगळ्यांनी पाहिली. डोस चुकला म्हणून ओशाळलेल्या आईला सांगावं, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढे चालू करतात आणि सरकारी केंद्रात पैसे पडत नाहीत.

फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी 2015 पासून रुग्णाला समजावून सांगणं हे आमचं कामच ठरवलंय. आरोग्य केंद्रांनी आपल्या भागातल्या लसीकरणाचे वार जवळच्या मेडिकलना कळवावेत, आम्ही ते काउंटरवर लावू.