'फ्लॉवरिंग' म्हणजे नेमके केव्हा?

कपाशीच्या सल्लापत्रकांत व औषधांच्या दुकानांत हल्ली 'फ्लॉवरिंग' हा इंग्रजी शब्द सर्रास चालतो. 'फ्लॉवरिंगला फवारा' एवढे सांगून सांगणारा मोकळा होतो. परंतु ऐकणाऱ्याने दिवस कोणता धरावा? ह्या शब्दाचा मूळ अर्थ फुलणे असा आहे. व्यवहारात मात्र कळी दिसण्यापासून बोंड धरेपर्यंतच्या साऱ्या काळास तोच लावितात.

आपल्या वऱ्हाडी बोलीत असा घोटाळा नाही. पऱ्हाटीस प्रथम लागते ते पाते. त्याचे सुमारे तीन आठवड्यांनी फूल होते. हे फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर व दुसऱ्या दिवशी गुलाबी दिसते. पुढे बोंड धरते. पाकळ्या मिटून गुलाबकळीसारखे राहिलेले फूल म्हणजे डोमकळी, अर्थात आत गुलाबी बोंडअळी असल्याची खूण.

2017 साली ह्याच अळीने विदर्भातील कपाशीची मोठी हानी केली. तिच्यासाठी कामगंध सापळे पेरणीनंतर सुमारे 45 दिवसांनी, म्हणजे पात्यांच्या वेळीच, लावावयाचे असतात. 'फ्लॉवरिंग' म्हणजे उमललेले फूल असे समजून जो थांबला, त्याचे तीन आठवडे फुकट गेले.

तरी पत्रके काढणाऱ्यांनी पाते, फूल, डोमकळी, बोंड हेच शब्द पेरणीपासूनच्या दिवसांसह छापावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. शेतकरी बंधूंनीही 'पाते की फूल?' हे विचारल्यावाचून औषधास पैसा मोजू नये.